अडकित्ता उजळावा का?

गेल्या उन्हाळ्यात माझा धाकटा चुलतभाऊ आमच्या आजीचा अडकित्ता वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, याचं काय करायचं ते आता तूच सांग." त्याच्या नव्या फ्लॅटची सजावट करणाऱ्या मुलीने तो काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायचे सुचवले होते. मात्र त्याआधी तो 'रिस्टोअर' करून घ्यायचा, म्हणजे पितळ चकचकीत करायचे, काळे पडलेले पाते बदलायचे आणि सैल झालेला खिळा काढून नवा घालायचा. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे डागाळलेल्या धातूचा कोणताही प्रश्न नातेवाइकांत शेवटी माझ्याकडे येतो.

वस्तू तशी साधीच. दोन पितळी दांडे, त्यांच्या टोकांना पोपटाची डोकी, वरच्या दांड्यात बसवलेले लोखंडी पाते. खिळ्याभोवती नारिंगी गंज. वरच्या दांड्यावर पोपटाच्या मानेखालची नक्षी बोटांनी झिजून जवळजवळ सपाट झालेली. खालच्या दांड्यावर मात्र ती शाबूत. एका दांड्याला मध्येच तडा गेलेला आणि त्यावर कोणीतरी लोखंडी कडे चढवलेले. आतल्या बाजूला ठिपक्यांनी घातलेले आजीच्या सासूबाईंचे नाव आणि शके १८४१. म्हणजे सन १९१९-२०.

भावाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही, कारण अशीच एक चूक माझ्या हातून पूर्वी झालेली आहे. तीसेक वर्षांपूर्वी आत्याने मला तिचा अडकित्ता दिला. तो मी मोठ्या हौसेने बाजारातल्या एका पॉलिशवाल्याकडे नेला. त्याने बफिंगच्या चाकावर पाच मिनिटांत तो सोन्यासारखा करून दिला. घरी आल्यावर लक्षात आले की त्यावरचे नाव गेले. भांड्यावर नाव घालणारा माणूस छिन्नीने जे ठिपके पाडतो, त्यांची खोली फार तर दोन कागदांच्या जाडीएवढी. चाकाला तेवढे पुरते. आत्याला मी ते कधी सांगितले नाही. तिने तो पुन्हा हातात घेतला तेव्हा अंगठा नावाच्या जागेवरून दोनदा फिरवला, एवढे मला आठवते.

म्हणून या वेळी थोडे वाचायचे ठरवले. वाचता वाचता असे दिसले की जुन्या वस्तूंच्या जतनाविषयी युरोपात शंभर-दीडशे वर्षे चाललेल्या वादात हत्यारे-अवजारे जवळजवळ कोणाच्या खिजगणतीत नाहीत. वाद झाला तो इमारती, चित्रे आणि शिल्पे यांच्याबद्दल. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिला लोक गमतीने 'खरवडविरोधी' म्हणत, कारण जुन्या चर्चच्या भिंतींचे प्लॅस्टर खरवडून त्या 'मूळ' रूपात आणण्याची जी टूम निघाली होती तिला तिचा विरोध होता. गंज खरवडताना हे टोपणनाव मला हटकून आठवते. पण मॉरिसच्या मंडळींसमोर चर्च होती, चर्च बांधणाऱ्या गवंड्याची थापी नव्हती.

इटलीचा चेझारे ब्रांदी हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा सिद्धांतकार. त्याचे 'जीर्णोद्धाराचा सिद्धांत' हे पुस्तक १९६३ चे. सुरुवातीलाच तो एक सीमारेषा आखतो. उपयोगाची वस्तू बिघडली तर तिचा जीर्णोद्धार म्हणजे ती पुन्हा चालती करणे, सरळ दुरुस्ती. कलाकृतीच्या बाबतीत मात्र उपयोग दुय्यम, तिथे कलाकृतीचे रूप आणि तिने काळातून केलेला प्रवास या दोन्हींचा मान राखायचा. पुढचे सगळे सूक्ष्म विवेचन कलाकृतींचे. अवजारे पहिल्या काही पानांतच दाराबाहेर. रेषा स्वच्छ आहे, पण अडकित्ता नेमका उंबरठ्यावर उभा राहतो. पोपटाच्या डोक्यामुळे तो शिल्प आहे, पात्यामुळे अवजार. आणि मला तर वाटते की ब्रांदी ज्याला काळातून केलेला प्रवास म्हणतो, तो चित्रापेक्षा अवजारावर जास्त स्पष्ट लिहिलेला असतो. चित्राला काळ स्पर्श करतो तो धुराने, ओलीने, अपघाताने. अवजाराला काळ स्पर्श करतो तो माणसाच्या हाताने.

आमच्या पोपटाची झिजलेली मान घ्या. झीज वरच्या दांड्यावर आहे, खाली नाही, कारण खालचा दांडा तळहातात नुसता विसावतो आणि जोर लावणारी बोटे वरच्यावर येतात. पात्याची धार खिळ्याच्या बाजूला खोलगट झाली आहे, टोकाकडे जवळजवळ सरळ आहे, कारण सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ धरावी तितका जोर कमी लागतो, आणि रोज कातरणारी बाई हे पुस्तकात न वाचता जाणते. धारेवरचे ओरखडे आडवे आणि जाडसर आहेत. म्हणजे धार सहाणेवर नव्हे, कानशीने लावली जात होती. एवढे सगळे एका वीतभर वस्तूवर वाचता येते. पाते बदलले की यातले अर्धे गेले, चाकावर धरले की उरलेले अर्धे.

आपल्याकडे अडकित्त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती पुण्याच्या दिनकर केळकरांनी. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने जे संग्रहालय उभे केले, त्यातले दिवे आणि अडकित्ते पाहायला लोक लांबून येतात. राजेरजवाड्यांच्या वस्तू जमवणारे पुष्कळ होते. घरातल्या बायकांच्या हातातल्या वस्तू जमवण्यासारख्या आहेत हे केळकरांनी ओळखले, आणि ते ऋण मोठे आहे. परदेशातही अडकित्त्यांना चाहते मिळाले. सॅम्युअल आयलेनबर्ग हा विसाव्या शतकातला नामवंत गणिती. त्याने दक्षिण आणि आग्नेय आशियातली शिल्पे जमवली, तसेच अडकित्तेही, आणि त्याच्या अडकित्त्यांवर हेन्री ब्राउनरिग यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले.

तक्रार आहे ती या सगळ्या पाहण्याच्या पद्धतीबद्दल. घोडा, मोर, हंस, मिथुन असे आकारांवरून वर्गीकरण होते. धातू, प्रदेश आणि शतक सांगितले जाते. झिजेबद्दल शब्द नसतो. संग्रहालयाच्या काचेमागे अडकित्ता सहसा मिटलेला आणि बाजूने ठेवलेला असतो, म्हणजे शिल्प दिसते, पाते दिसत नाही. संग्राहक निवडतो तोही नक्षी शाबूत असलेला, म्हणजे कमीत कमी वापरलेला नमुना. त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे अडकित्त्याचे जे चित्र तयार झाले आहे ते लग्नात आहेर म्हणून आलेल्या आणि नंतर कपाटात राहिलेल्या अडकित्त्यांचे. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची परडीच्या परडी कातरणारे साधे लोखंडी अडकित्ते भंगारात गेले. भावाच्या सजावटकार मुलीला आजीचा अडकित्ता 'खराब' दिसला यात तिचा दोष फारसा नाही. चांगला अडकित्ता कसा दिसतो हे तिने काचेमागेच पाहिले आहे.

इथे थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे, कारण 'स्वच्छ करणे' हा शब्द फार फसवा आहे.

पात्यावरचा काळा थर ही घाण नव्हे. सुपारीत टॅनिन भरपूर असते. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळे संयुग तयार होते. हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा क्षार घालून जी शाई करत ती याच क्रियेची. अनेक वर्षे रोज सुपारी कातरणाऱ्या पात्यावर हा थर आपोआप चढत जातो, आणि तो थोडाफार गंजाला अडवतोही. आता गंमत अशी, की संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत जुन्या लोखंडी वस्तूंवरचा गंज स्थिर करायला जे द्रावण लावतात त्यात बहुधा टॅनिक आम्लच असते. आजीने साठ वर्षे सुपारी कातरून जे केले, तेच तज्ज्ञ ब्रशने करतात. आणि 'रिस्टोअर' करणारा ते पॉलिश पेपरने घासून काढतो, खालचे पांढरे लोखंड उघडे करतो आणि वर वार्निश मारतो.

नारिंगी गंजाची गोष्ट वेगळी. तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खाली खात राहतो. तो काढलाच पाहिजे. काळा थर म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, नारिंगी म्हणजे अजून चालू असलेली. हा भेद कळला तरी निम्मा निर्णय होतो. आमच्या अडकित्त्याचा गंज खिळ्याभोवतीच का, याचेही कारण आहे. पितळ आणि लोखंड एकमेकांना चिकटून असताना मध्ये ओल शिरली की छोटीशी विद्युतघट तयार होते आणि तीत बळी जातो तो लोखंडाचा. कोकणातल्या पावसाळ्यात हे वर्षातले चार महिने चालू असते. अशा जोडात चिंचेचे पाणी मुरले तर पितळ वरून उजळते आणि पाते आतून सडते.

पितळाचेही असेच. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. चिंच, लिंबू किंवा कोकम लावून फार वेळ ठेवले की जस्त आधी निघून जाते आणि पृष्ठभाग तांबूस होतो. अनेकांना तो 'अस्सल जुना रंग' वाटतो, प्रत्यक्षात ती इजा असते. बाजारच्या कित्येक द्रवरूप पॉलिशांत अमोनिया असतो. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे हिंदुस्थानच्या पावसाळ्यात नुसती ठेवल्या ठेवल्या तडकत. घोड्यांच्या पागांतून येणारा अमोनिया आणि घडवताना पितळात राहिलेला ताण यांची ती करामत होती. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये तिचा सविस्तर अभ्यास मांडला. ओतीव दांड्याला हा धोका कमी, पण ठोकून फुलवलेल्या पितळी खिळ्यात असा ताण असतोच.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग काही करूच नये. तसे माझे म्हणणे नाही, आणि इथेच मला ऑस्ट्रियाच्या आलोइस रीग्लशी थोडे भांडायचे आहे. रीग्लने १९०३ मध्ये स्मारकांच्या आधुनिक उपासनेवर जो निबंध लिहिला त्यात जुन्या वस्तूला आपण देतो ती मूल्ये वेगवेगळी करून दाखवली: जुनेपणाचे मूल्य, इतिहासाचे मूल्य, उपयोगाचे मूल्य आणि नवेपणाचे मूल्य. ही मूल्ये एकमेकांशी भांडतात हे त्याचे मोठे निरीक्षण. इतिहासाला वस्तू आहे तिथे थांबवायची असते. जुनेपणाच्या ओढीला ती हळूहळू झिजू द्यायची असते. उपयोगाला दुरुस्ती हवी असते. आमच्या टेबलावर नेमके हेच भांडण चालले होते. पण नवेपणाची, चकचकीतपणाची आवड म्हणजे सर्वसामान्यांची, कमी शिकलेल्यांची आवड, असा जो सूर रीग्लच्या निबंधात आहे तो आपल्याकडे लागू करताना जपून राहावे लागते.

आपल्याकडे खंडेनवमीला सुतार आपला रंधा, वाकस, पटाशी, करवत सगळे घासूनपुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. त्या दिवशी गंजलेले हत्यार पाटावर ठेवणे हा त्याचा अपमान. दिवाळीच्या आधी समया, तांब्या-पेले, घंगाळे चिंचेने आणि राखेने घासली जातात. तांब्याच्या पातेल्यांना कल्हई होत असे तीही वर्षानुवर्षे. ज्या घरात आजीने हा अडकित्ता वापरला त्या घरात तो दर वर्षी घासला जात होता, आणि नक्षी झिजली त्यात बोटांइतकाच चिंचेचाही वाटा असेल. उजळणे ही इथे सेवा आहे. सेवा करणाऱ्या बाईला 'जुनेपणाचे मूल्य' शिकवायला जाणे मला जमणार नाही.

मग आत्याच्या अडकित्त्यावर चाक फिरवणे आणि आजीने तो चिंचेने घासणे यात फरक कुठला? दोन्हींत धातू जातोच. फरक मला असा दिसतो, की आजी घासलेला अडकित्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरत होती. तिचे घासणे, धार लावणे, तडा गेलेल्या दांड्याला लोहाराकडून कडे चढवून घेणे हे सगळे त्या वस्तूच्या चालू आयुष्याचा भाग होते. त्या कड्याकडे पाहा. पितळावर लोखंड, अजिबात शोभा नाही, पोपटाच्या नक्षीला आडवे गेलेले. संग्राहकाच्या भाषेत ही 'नंतरची दुरुस्ती', किंमत कमी करणारी. पण तो बदल सुपारी फुटावी म्हणून केलेला आहे. आपण जो बदल करायला निघालो तो भिंतीवर बरे दिसावे म्हणून. इंटरनेटवर गंजलेली कुऱ्हाड उचलून वीस मिनिटांत तिचा आरसा करून दाखवतात, त्या दृश्यांत मला हेच खटकते. कसब खरे असते, पाहायला मजाही येते, पण शेवटी ती कुऱ्हाड लाकडाला क्वचितच लागते. दाखवण्यासाठीच ती नवी केलेली असते.

हा नियम सगळ्या हत्यारांना सारखा लावता येत नाही, हेही मान्य करते. लोखंडी रंध्याचे उदाहरण घ्या. लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराच्या रचनेचे हक्क स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि त्या घाटाचे रंधे पुढे लाखोंनी निघाले. आपल्याकडच्या सुतारांच्या पेट्यांतही ते आणि त्यांच्या नकला पोचल्या. असा एखादा गंजका रंधा कोणी जुन्या बाजारातून आणला, तळ घासून सपाट केला, नवे पाते घातले आणि त्याने दार बसवले, तर इतिहासाचे काहीही बुडत नाही. सारख्याच घाटाचे पुष्कळ शिल्लक आहेत, आणि रंध्याचे पाते मुळात बदलण्यासाठीच असते. तिथे न वापरता मेण लावून कपाटात ठेवणे हीच मला उधळपट्टी वाटते. वाकसाचा दांडा, करवतीची मूठ, रंध्याचे पाते हे झिजणारे भाग आहेत. सुतार ते बदलत आला आहे आणि तरी त्याला 'बापाचा वाकस' म्हणत आला आहे.

अडकित्त्याच्या बाबतीत 'पुन्हा वापरात आणा' हे उत्तर इतके सोपे नाही. सुपारी कॅन्सरकारक आहे असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच दिला आहे, नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसताना. आजोबांच्या पिढीतल्या किती जणांच्या गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यांकडे घरातल्यांनी दुर्लक्ष केले ते आठवले की पानसुपारीचे गोडवे गाताना जीभ अडखळते. माझ्या भावाच्या घरात सुपारी कातरली जाणार नाही आणि जाऊही नये. म्हणजे हा अडकित्ता अवजार म्हणून संपला आहे. त्याला पुन्हा धार लावणे हे नाटक होईल.

आणि अवजार म्हणून जे संपले ते माझ्या मते कागदपत्र होते. वापरणाऱ्याला आपल्या अवजारात वाटेल तो बदल करायचा अधिकार असतो. त्याने तो झिजवावा, तोडावा, जोडावा. वापर थांबल्यानंतर ज्याच्या हातात तो येतो त्याला तो अधिकार मिळत नाही. त्याच्याकडे फक्त राखणदारी येते. कोणी म्हणेल, वारसदाराला आपल्या वस्तूचा दिवाही करायचा हक्क आहे. कायद्याने आहे. पण शके १८४१ चे नाव घातलेला कागद घरात सापडला असता तर त्यावर त्याने रंगकाम केले नसते.

मे महिन्यात मी भावाला लिहून दिले ते असे. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे; नावाचा फोटो तिरक्या उजेडात, म्हणजे ठिपके उठून दिसतात. नारिंगी गंज बांबूच्या काडीने आणि सुती फडक्याने, तेलाचा थेंब घेऊन, निघेल तेवढा काढायचा. काळ्या पात्याला हात लावायचा नाही. खिळा बदलायचा नाही; सैल आहे तर सैल राहू दे, आता त्याला काही फोडायचे नाही. पितळ कोरड्या मऊ फडक्याने पुसायचे, बस्स. वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात असे मेण तयार झाले, आता ते ऑनलाइन मिळते, आणि नको वाटले तर पुसून काढता येते. चौकट करायचीच तर अडकित्ता उघडा, पाते दिसेल असा ठेवायचा, गोंद न वापरता, आणि मागे कागदावर आजीचे, तिच्या सासूबाईंचे आणि कडे कशासाठी बसवले त्याचे चार ओळींत टिपण.

भावाने सगळे मान्य केले. जूनमध्ये फोन आला. त्याने अडकित्ता कपाटावर ठेवला होता; काकूने तो पाहिला, "असा काळाकुट्ट कसा ठेवलात रे," म्हणाली आणि वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी समयांबरोबर चिंचेने घासायला घेतला. एका दांड्याची बाहेरची बाजू झाली तेवढ्यात हा घरी आला. नाव आतल्या बाजूला, ते वाचले. आता एक पोपट पिवळाधमक आणि एक काळपट असे झाले आहे, आणि दोन्ही सारखे करून घ्यावे का असे तो विचारत होता. मी नको म्हटले. टिपणात एक ओळ वाढवायला सांगितली: एक बाजू काकूने घासली, वटपौर्णिमा, आणि वर्ष. काकूला ते वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "माझं नाव कशाला, अर्धवट काम केलंय मी."